मामा, मामी आणि सुदानचा भाचा : एका पाहुणचाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२२. मुंबईत कलिन्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने एका उंच सुदानी मुलाला अडवलं. कोणाकडे जायचंय हे मुलाला ठाऊक होतं, पण ते मराठी आडनाव काही त्याच्या जिभेवर बसेना, आणि नाव सांगितल्याशिवाय वॉचमन सोडेना. शेवटी तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून बाईंचा आवाज आला, "अरे सोड त्याला वर, भाचा आहे माझा!" वॉचमनने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा ग्रिलकडे पाहिलं, आणि रजिस्टरात नावाच्या रकान्यात लिहून टाकलं : भाचा.

पुढची पावणेदोन वर्षं तो त्या घरात भाचाच राहिला आणि ते दोघं त्याचे मामा-मामी. खरी नावं द्यायची नाहीत, काही ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत, तेव्हा इथेही तीच नाती चालवतो. मामा एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त, मामी पालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त सिस्टर. मुलगी लग्न होऊन नाशिकला.

मी त्या काळात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाहुणचार गटाचं काम बघत होतो. दुसऱ्या मंडळ्यांतून अधूनमधून विचारणा होते, "तुमच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांचं काम कसं चालतं?" मग आम्ही जेवणावळी सांगतो, नाताळ सांगतो, निरोपाच्या वेळी कोणाचे डोळे पाणावले ते सांगतो. जे चुकलं ते चहाबरोबर गिळून टाकतो. ते इथे सविस्तर लिहितोय.

आमची मंडळी मराठी प्रॉटेस्टंट. बहुतेक घरांची मुळं नगरकडे, अमेरिकन मराठी मिशनच्या गावांत. त्या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला होता. बरीच लिखापढी झाली, मग कुठे राहू दिलं. परदेशी माणूस, कागदपत्रांचा घोळ आणि मुंबई हा आमचा पिढीजात विषय आहे, असं आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणतात ते खोटं नाही.

देशात २०२१-२२ मध्ये सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. सर्वांत जास्त नेपाळचे. पण आमच्या भागात डोळ्यांत भरायची ती आफ्रिकेतली आणि अफगाणिस्तानातली मुलं : कलिना बाजारात भाजीचा भाव इंग्रजीत विचारणारी, सांताक्रूझ स्टेशनहून शेअर रिक्षात गुडघे दुमडून बसणारी. करोनानंतर उपासनेला माणसं परतू लागली, त्या सुमारास, जून २०२२ मध्ये, सहा कुटुंबांचा गट केला. महिन्यातून दोनदा एखाद्या विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलवायचं, एवढंच ठरलं.

एवढंच, कारण पुढच्या मुद्द्यावर एकमत झालं नाही. पास्टरेट कमिटीतल्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीतल्या) एका काकांचं म्हणणं, "येशूची सुवार्ता सांगायची नसेल तर सरळ खानावळ काढा." महिला मंडळाच्या एका ताईंचं म्हणणं, "ताट वाढायचं आणि मग उपदेश करायचा, हा गळाला लावलेला किडाच की." पाळकसाहेबांनी बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाचा दाखला दिला : तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वचनात आधी कोणीतरी विचारतं, मग आपण बोलतो, हा क्रम आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नाही. मी तर बैठकीचं इतिवृत्त लिहीत होतो, तरी नाही.

ओळख

मामांची आणि भाच्याची भेट झेरॉक्सच्या दुकानात झाली. सहा महिन्यांहून लांब मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला चौदा दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते, त्याला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, आणि वाकोल्यातला घरमालक लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायला तयार नव्हता. बारा दिवस उलटले होते. मामांचं अख्खं आयुष्य फायलींत गेलेलं. ते मुलाबरोबर मालकाकडे गेले, तासभर बसले, आणि करार नोंदवल्याने मालकाचं काही बिघडत नाही, न नोंदवल्याने मात्र बिघडू शकतं, हे त्याच्या गळी उतरवलं. तेराव्या दिवशी कागद पोर्टलवर चढले. रविवारी जेवायला ये, असं मामा त्याच दिवशी म्हणाले.

पहिल्या जेवणाला मामींनी बटाट्याची भाजी, वरणभात, पुऱ्या आणि बासुंदी केली. मुलगा मुसलमान, मटण हलाल आहे की नाही ही शंका नको, म्हणून शाकाहारी. दुसऱ्या रविवारी मटकीची उसळ. तिसऱ्या रविवारी भरली वांगी. चौथ्या रविवारी त्याने हात धुताना अगदी दबक्या आवाजात विचारलं, "मामी, तुमच्या धर्मात मांस चालत नाही का?"

आदल्याच दिवशी त्या घरात मटण शिजलं होतं. मामी सांगतात, "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर पोराला उसळी खायला घातल्या, आणि त्याला विचारायचं एकदाही सुचलं नाही." पुढच्या आठवड्यापासून मामा कुर्ल्याच्या हलाल दुकानातून मटण आणू लागले. तिखट अर्ध्यावर आलं. आणि एका रविवारी मामींनी ज्वारीची भाकरी टाकली.

तव्यावरची भाकरी बघून तो ताडकन उठला. "दुर्रा!" सुदानात ज्वारीला दुर्रा म्हणतात. तिच्या आंबवलेल्या पिठाची कागदासारखी पातळ किसरा करतात, ती सुक्या भेंडीच्या कालवणाबरोबर खातात. मुंबईत येऊन तीन महिने मैद्याच्या पावावर काढलेल्या मुलाला नगरच्या पद्धतीची भाकरी ही घरची खूण वाटली. त्याने स्वतः थापून बघितली. गार पाण्यात पीठ भिजवलं, थापताना ते काठाकाठाने फाटत गेलं. मामी हसून हसून बेजार. मग त्यांनी कढत पाणी घेऊन उकड कशी काढायची ते दाखवलं.

धर्माचं बोलणं या काळात झालं ते एवढंच : मामा जेवणाआधी मराठीत प्रार्थना करत, तो बिस्मिल्ला म्हणे. एकदा त्याने विचारलं, "तुम्ही एवढं लांबलचक काय म्हणता?" मामांनी हिंदीत सांगितलं. अन्नाबद्दल आभार, पिकवणाऱ्यासाठी विनंती, तुझ्या घरच्यांसाठी विनंती. तो गप्प झाला, मग म्हणाला, "माझ्या आईचं नाव घ्याल?" तेव्हापासून घेत. (अजूनही घेतात.)

अडचण : एक फोटो

१७ डिसेंबर २०२२, शनिवारची रात्र. तरुण संघ कॅरलला, म्हणजे घरोघर नाताळची गाणी गायला, निघाला, मामांच्या सोसायटीत आला. भाचा वरच होता. सुदानातही नाताळची सुट्टी असते, मधली काही वर्षं बंद होती ती २०१९ पासून पुन्हा मिळू लागली, असं तोच पोरांना सांगत होता. कोणीतरी त्याच्या हातात खंजिरी दिली, डोक्यावर लाल टोपी घातली. तो मजेत दोन इमारती फिरला. मामींनी त्याच्यासाठी रम न घालता, संत्र्याच्या रसात सुकामेवा भिजवून केक केला होता, तो खाऊन झोपायला खोलीवर गेला.

रविवारी सकाळी मंडळीच्या फेसबुक पानावर फोटो चढला. लाल टोपी, खंजिरी, उघडं तोंड. खाली ओळ : "सुदानहून आलेला आमचा भाऊही प्रभूच्या जन्माचं गीत गाताना! प्रभूची स्तुती असो." एका पोराने त्याला टॅगही केलं.

सोमवारी सुदानातल्या ओमदुरमान शहरातून त्याच्या सख्ख्या काकांचा फोन आला. त्याची फी हे काका भरत. पहिलाच प्रश्न, "तू नसारा झालास?" म्हणजे ख्रिस्ती. सुदानात धर्म सोडणाऱ्याला फाशीची तरतूद जुलै २०२० पर्यंत कायद्यात होती. कायदा गेला, पण काकांचा राग काही कायद्याने चालत नाही. आईने रडून गोंधळ घातला. भाच्याने फोटो कोणी टाकला, का टाकला, काही विचारलं नाही. मामांचा फोन उचलणं बंद केलं, इतकंच.

आम्हाला हे कळायला पाच दिवस लागले, तेही त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाकडून.

कोणते मार्ग होते

२८ डिसेंबरला घाईत बैठक झाली. फोटो काढून टाकण्यावर दुमत नव्हतं, तो तिथल्या तिथे काढला. वाद पुढचा होता. एक सूचना अशी की पाळकसाहेबांनी मंडळीच्या लेटरहेडवर काकांना पत्र लिहावं : मुलाने धर्म बदललेला नाही. ऐकायला बरी वाटते. पण चर्चच्या शिक्क्याचं पत्र ओमदुरमानच्या घरात पोहोचलं तर ते खुलासा ठरेल की पुरावा? सूचना मागे पडली. दुसरी, मामांनी स्वतः काकांना फोन करावा. तिसरी, काहीच न करता थांबावं. चौथी सूचना माझी होती, आणि ती सगळ्यांत वाईट होती : त्याला नाताळच्या सुट्टीत गटाबरोबर लोणावळ्याला न्यावं, म्हणजे मन रमेल.

आमच्यातल्या एका वकील सभासदाने वेगळाच मुद्दा काढला. संविधानाच्या कलम २५ नुसार धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. पण १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या १९६० च्या दशकातल्या कायद्यांवरून तो खटला होता. त्या वेळी महाराष्ट्रात तसा वेगळा कायदा नव्हता, तरी वकीलसाहेब म्हणाले, "आपल्या स्वातंत्र्याची काळजी तुम्ही करताच. त्या मुलाच्या व्हिसाची कोण करतंय? विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला धर्मप्रचार करता येत नाही. तुमच्या त्या ओळीने त्याला रस्त्यावरचा प्रचारक करून टाकलाय." खोलीत शांतता पसरली. आनंदाने लिहिलेल्या एका ओळीचा असाही अर्थ निघतो, हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

काय केलं

ठरलं थांबायचं. पण मामांना राहवलं नाही. दोन जानेवारीला ते करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा नाताळचा फराळ स्टीलच्या डब्यात घेऊन वाकोल्याला गेले. दार उघडलं, मागे खोलीतली दोघं-तिघं मुलं बघत होती. भाचा दारातच म्हणाला, "आज नको, मामा." आपल्याकडे शेजाऱ्याचा डबाही रिकामा परत देत नाहीत. हा डबा भरलेलाच परत आला. मामी म्हणतात, त्या दिवशी मामा चहाही न घेता आडवे झाले.

महिनाअखेरीस मामींनी एक व्हॉइस मेसेज पाठवला. मोडक्यातोडक्या हिंदीत, वीसेक सेकंदांचा. चूक आमची झाली, तुझी नाही. तुला विचारायला हवं होतं. तुला वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तर नको येऊस. आमंत्रण नाही, वचन नाही, "तुझ्यासाठी प्रार्थना करतो" हेही नाही. आम्ही तीन बैठकांत जे जुळवू शकलो नाही ते त्या बाईने भाजी चिरता चिरता केलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी तो आला. आल्या आल्या अटी सांगितल्या. फोटो नाही. चर्चमध्ये येणार नाही. जेवायला येईन. आणि मामांना ज्याची अपेक्षा नव्हती अशी चौथी गोष्ट : "ज्या पुस्तकापायी मला एवढ्या शिव्या बसल्या ते तरी वाचून बघतो. न केलेल्या चोरीची शिक्षा भोगलीच आहे, निदान दुकानात काय आहे ते बघू दे."

मग दोघं बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान वाचू लागले, तो फोनवर अरबीत, मामा मराठीत. त्याच्या फोनवरचं भाषांतर १८६५ मध्ये बैरूतला पुरं झालेलं, ते करणारे इली स्मिथ आणि कॉर्नेलियस व्हॅन डाइक हे ज्या अमेरिकन बोर्डाचे (मिशनरी धाडणाऱ्या संस्थेचे), त्याच बोर्डाने हॉलला मुंबईला धाडलं होतं. मामांना हे कळलं तेव्हा त्यांना कोण आनंद! भाच्याला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याला गोष्टीत रस होता.

वाटणीचा पैसा उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, त्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याशी ते अडले. आमच्या उपदेशांत या दाखल्यात धाकटा मुलगा असतो, नाहीतर बाप असतो. भाचा घरातला थोरला. त्याने विचारलं, "थोरला शेतात होता ना? मग मेजवानीचा निरोप त्याला का नाही धाडला? वाजंत्री ऐकून त्याला नोकराला विचारावं लागलं." मामा साठ वर्षं तो दाखला ऐकत आलेले. त्यांनी पान पुन्हा वाचलं. खरंच कोणी निरोप धाडल्याचं लिहिलेलं नाही. "मला उत्तर देता आलं नाही," असं मामांनी मला फोनवर सांगितलं, आणि त्या आवाजात हार नव्हती.

दुसरी अडचण : १५ एप्रिल

मार्चअखेरीस रमजान लागला, वाचन थांबलं. मामी काही संध्याकाळी खजूर आणि खिमा देत. मग १५ एप्रिल २०२३ ला सुदानच्या राजधानीत, खार्तुममध्ये, लष्कर आणि निमलष्करी आरएसएफ यांच्यात लढाई पेटली. भारतीयांना बाहेर काढायला सरकारने ऑपरेशन कावेरी सुरू केलं, ती विमानं टीव्हीवर दिसत होती. भाचा मामांच्या सोफ्यावर बसून ती बघत होता. मुंबईकडे येणाऱ्या विमानात त्याच्या घरचं कोणी असणार नव्हतं.

आई आणि बहिणी सुदानातल्याच वाद मदनी शहराकडे निघाल्या. काकांचं दुकान लुटलं गेलं. बँका बंद, पैसे येणं बंद. मेअखेरीस दोन महिन्यांचं भाडं थकलं आणि खोली सोडायची वेळ आली.

इथला पेच पहिल्यापेक्षा अवघड होता. मंडळीच्या दानपेटीतून भाडं द्यावं, असं कमिटीतल्या बहुतेकांना वाटत होतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला परका, ज्याला घरात घेणं म्हणजे येशूलाच घेणं, तो दारात उभा आहे, आणखी काय विचार करायचा? पण मामांच्या मनात दुसरंच घोळत होतं. याच मुलाबरोबर आपण दीड महिना शुभवर्तमान वाचलंय. आता चर्चचा पैसा घेतला तर तो उद्या हो म्हणाला काय आणि नाही म्हणाला काय, त्या शब्दाला किंमत राहील का? एका ओळखीच्याने त्याला रात्रीचं हॉटेलातलं काम देऊ केलं. विद्यार्थी व्हिसावर ते चालत नाही, म्हणून मामांनी परस्पर नाही सांगितलं.

शेवटी असं झालं. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षाने फीची मुदत वाढवून दिली. कुर्ल्यातल्या एका मशिदीच्या कमिटीने थकलेल्या भाड्यातला निम्मा भाग दिला. तिथे भाच्याबरोबर मामाच गेले होते, आणि तिथल्या चाचांनी मामांनाच आधी सरबत दिलं. उरलेले वीस हजार मामांनी स्वतःच्या खात्यातून उसने दिले, साध्या कागदावर लिहून, व्याज नाही, मुदत नाही. आणि सात आठवडे भाचा त्यांच्याच घरी राहिला. परदेशी माणसाला घरी ठेवलं की तेव्हा चोवीस तासांत सरकारला कळवणारा सी फॉर्म भरावा लागे, तो मामांनी पहिल्याच रात्री भरून छापून ठेवला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून विचारलं, "काय हो, घरात धर्मांतराचा कार्यक्रम चाललाय म्हणतात?" मामांनी वर जाऊन फॉर्मची पावती आणली. सेक्रेटरींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विषय पाण्याच्या टाकीवर नेला.

मामांनी मनाशी आणखी एक ठरवलं, कोणाला न सांगता : पैसे फिटेपर्यंत धर्माचा विषय आपल्याकडून काढायचा नाही. रमजान केव्हाच संपला होता, ईदही होऊन गेली होती, तरी लूकचं पुस्तक जिथे थांबलं तिथेच राहिलं. जेवणाआधीची प्रार्थनाही ते पुटपुटत उरकू लागले. मला हे कळलं तेव्हा मी त्यांची पाठ थोपटली. केवढा संयम, असं म्हणालो.

ऑक्टोबर उजाडला. तोवर भाचा नव्या खोलीत गेला होता. एका रविवारी जेवण झाल्यावर त्याने थेट विचारलं, "मामा, मी उसने पैसे घेतले म्हणून माझ्याशी वाचायचं सोडलंत का? आधी मी पाहुणा होतो, आता भिकारी झालो?"

मामा अवाक. त्यांनी ठरवलं होतं त्याच्या स्वातंत्र्यासाठी. त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं ते असं की माणूस कर्जात गेला आणि बरोबरीच्या गप्पांतून उठवला गेला. मामांनी सगळं उलगडून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "हे तुम्ही मेमध्ये सांगायचं. मी म्हटलं असतं, वाचू या. नाहीतर म्हटलं असतं, आता नको. पण मी म्हटलं असतं." मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उसळी, अहो. पुन्हा उसळी."

त्याच संध्याकाळी त्याने स्वतःचं उत्तरही दिलं. ईसाबद्दल (येशूबद्दल) वाचायला आवडलं, तुमच्या प्रार्थनेत आईचं नाव येतं ते आवडतं, पण मी मुसलमान आहे आणि मुसलमानच राहणार. मामांनी विचारलं, "पुढचं वाचायचंय?" तो म्हणाला, "शेवट काय होतो ते तर कळू दे." त्यांनी ते पुस्तक डिसेंबरात संपवलं. त्याच डिसेंबरात वाद मदनीही आरएसएफच्या हाती गेलं आणि आई-बहिणींना तिथूनही निघावं लागलं. शेवटच्या अध्यायातल्या अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य अनोळखी माणसाला आग्रह करून मुक्कामाला ठेवतात. ते वाचताना तो म्हणाला, हे बरं केलं, आधी विचारलं.

निष्पत्ती

जून २०२४ मध्ये त्याची परीक्षा झाली, पदवी मिळाली. आई आणि बहिणी वर्षाच्या सुरुवातीलाच कैरोला पोहोचल्या होत्या, जुलैत तोही गेला. वीस हजारांपैकी नऊ फिटले आहेत. मामा तो कागद बायबलमध्ये ठेवत नाहीत, वीज बिलांच्या फायलीत ठेवतात.

मंडळीच्या वार्षिक अहवालात पाहुणचार गटाचा रकाना आहे. कमिटीतल्या त्या काकांनी विचारलं, "दोन वर्षांत फळ काय?" मी लिहिलं : विद्यार्थी अकरा, जेवणं सुमारे दीडशे, बाप्तिस्मे शून्य. काका नाराज झाले. शून्य छापू नये, रकाना मोकळा ठेवावा, असं त्यांचं म्हणणं. बरीच ओढाताण झाली. शून्य छापलं. गटातली दोन कुटुंबं त्यानंतर कमी झाली, हेही नोंदवायला हवं. त्यांना हे काम म्हणजे सुवार्तेविना समाजसेवा वाटली. मला तसं वाटत नाही, पण त्यांचा आक्षेप खोटाही म्हणवत नाही : बाकीच्या दहा विद्यार्थ्यांपैकी सात-आठ जणांशी आमचं विश्वासाबद्दल एक वाक्यही झालं नाही, आणि त्यातलं सौजन्य किती, भिडस्तपणा किती, हे मी सांगू शकत नाही.

आज पुन्हा वेळ आली तर

फोटोचा नियम सोपा होता, तो झाला. कोणत्याही विद्यार्थ्याचा फोटो मंडळीच्या पानावर जात नाही, त्याने हो म्हटलं तरी नाही, कारण हो म्हणताना घरी कोण बघणार आहे याचा अंदाज त्यालाही नसतो. तरुण संघ कुरकुरला. ज्या पोराने टॅग केलं होतं त्यानेच नियम लिहून काढला.

पैशाचं मला अजून पुरतं सुटलेलं नाही. चर्चचा पैसा न देण्याचा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन. मशिदीच्या कमिटीकडे जाणं तर उत्तमच होतं, आणि ते आम्हाला मेअखेरीस सुचलं, एप्रिलमध्ये सुचायला हवं होतं. पण उसने देतानाच मामांनी तोंड उघडून विचारायला हवं होतं, "या पैशामुळे आपल्या वाचनाचं काय करायचं?" ओशाळवाणा प्रश्न आहे. पाच महिन्यांच्या ओशाळ्या शांततेपेक्षा स्वस्त पडला असता. रात्रीच्या कामाला परस्पर नाही सांगितलं तिथेही तेच. उत्तर कायद्याने नाहीच होतं, पण ते त्याने द्यायचं होतं.

आता नव्या कुटुंबाला गटात घेताना मामी एकच गोष्ट सांगतात, ती उसळींची. सगळे हसतात. मामी हसत नाहीत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे बसलो असताना मामींच्या फोनवर व्हॉइस मेसेज वाजला. कैरोलगतच्या फैसल भागातल्या सुदानी दुकानात दुर्राचं पीठ मिळालं, आईला भाकरी करून दाखवायची होती, पण तव्यावर टाकण्याआधीच फाटते आहे. मामींनी बटण दाबून धरलं, "पाणी कढत घेतलंस ना रे?" आणि मामा खुर्चीतून ओरडले, "अगं, आधी त्याला विचार, पीठ जुनं आहे का. विरी गेली असेल तर तो बिचारा काय करणार!"